पदर कुठल्या खांद्यावर

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या असा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, जाहिरात किती पानांची द्यावी लागेल? समोरचे गृहस्थ म्हणाले, जाहिरात नको, अनुभव पाहिजेत. यावर माझा विश्वास बसला नाही. अजूनही पुरता बसलेला नाही. अंक हातात पडला की बघू.

मी वडवणीला टीव्ही दुरुस्त करायचो. शाळा सातवीपर्यंत, तीही मागच्या बाकावर. काम बीडला एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वायरीला कथलाचा डाग द्यायला नंतर शिक बे. आधी हे शिक की गिऱ्हाईक खोटं बोलतंय. लबाड हाय म्हणून न्हाई, भ्यालंय म्हणून." पुढं सगळा जन्म मी हे धरून चाललो. धंद्यात त्याचा फायदा झाला. घरात काय झालं ते पुढं सांगतो.

टीव्ही घेऊन येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "काय केलं न्हाई मिस्त्री, आपोआप बंद पडला." आपोआप काही बंद पडत नसतं. आमच्या भागातले एक मोठे बागाईतदार होते, त्यांना सगळे नाना म्हणत. एका दसऱ्याला ते जीपमध्ये टीव्ही घालून आले. घरात कुणी हात लावला नाही, लेकरंबाळं जवळ जात नाहीत, लाईटच्या झटक्यानं गेला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मी मागचं झाकण काढलं. आत हळद, कुंकू आणि भिजून चिकटलेल्या अक्षता. खंडेनवमीला कोयते, नांगर, मोटर पुजतात, तशी बायकांनी टीव्हीची पण पूजा केली होती आणि पाणी शिंपडलं होतं जाळीतून. मी नानांना म्हटलं, "झटका लाईटचा न्हाई, देवाचा हाय." नाना आत वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "गावात बोलू नगा." मी बोललो नाही. आता नाना नाहीत, म्हणून लिहितो.

गिऱ्हाईकाचाही आमच्यावर भरवसा नसायचा. मिस्त्री चांगला पार्ट काढून जुना बसवतो अशी सगळ्यांची खात्री. काही जण स्टूल ओढून समोरच बसत आणि माझ्या बोटांवर नजर ठेवत. दोघंही एकमेकांवर संशय घेत बसायचो आणि मध्ये टीव्ही उघडा. असा तो धंदा.

एक नियम मात्र आमच्या दुकानात पक्का होता. दुरुस्त झालेला टीव्ही लगेच परत द्यायचा नाही. तो तासभर चालू ठेवून कुणीतरी समोर बसून बघायचा. गार असताना टीव्ही बरा चालतो आणि तापला की खोड काढतो. घरी नेल्यावर खोड काढली तर गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी चारचौघांत अब्रू काढतं. तर हे तासभर बघत बसायचं काम माझ्या बायकोचं. सुलोचना तिचं नाव. दुकान पुढं, घर मागं. ती परातीत गहू निवडत, शेंगा फोडत टीव्हीसमोर बसायची आणि चित्र हाललं, रंग फिका पडला, की तिथूनच ओरडायची.

दिवाळी झाली की कामाला आणखी भर पडायची. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं घराला कुलूप लावून पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यावर जायची. टीव्ही घरात ठेवला तर उंदीर वायर खाणार नाहीतर चोर नेणार. म्हणून ते आमच्याकडं ठेवून जायचे. आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टीव्हीच टीव्ही. बंद राहिला की ओल धरतो, म्हणून सुलोचना आठवड्यातून एकदा प्रत्येक टीव्ही चालू करायची. वडवणीत एवढ्या टीव्हींवर एवढ्या मालिका कुणी बघितल्या नसतील. मी चिडवायचो, "संगीच्या आई, लोकाच्या टीव्हीवर तुझी चैन हाय." ती म्हणायची, "तुमी टीव्ही उघडून बघता, मी लावून बघते. कोण शहाणं?"

त्या काळात एका मालिकेत एक नवी नटी आली होती, धाकट्या सुनेचं काम करायची. सुलोचनाचा तिच्यावर फार जीव. नटीचं नाव मी सांगणार नाही, मालिकेचंही नाही. का ते पुढं वाचल्यावर कळेल. शोधायच्या भानगडीत पडू नका.

आता माझी एक चूक सांगतो. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. त्याला योक म्हणतात. चित्र डावीकडून उजवीकडं ओढायचं काम त्याचं. त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर टीव्ही चालतो, रंग झकास येतो, फक्त सगळं आरशात बघितल्यासारखं दिसतं. एकदा घाईत मी त्या उलट्या जोडल्या. मालकाला मुक्कामाची एसटी गाठायची होती, तो दारात उभा. मी टीव्ही लावला, रंग बघितला, म्हटलं घेऊन जा. मालिकेतल्या नावांच्या पाट्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे उलटी अक्षरं दिसायचा प्रश्न नव्हता. कोपऱ्यातली वाहिनीची खूण भलत्या बाजूला गेली होती. तीही मला दिसली नाही. मिस्त्री रंग बघतो, चित्र बघत नाही.

सुलोचना परात खाली ठेवून, पडद्यावरच्या तिच्या नटीकडं बोट करून म्हणाली, "थांबा. हिचा पदर उजव्या खांद्यावर कावून?"

मी म्हटलं, "घेतला आसंल. गुजराती बायका घेत्यात."

"ती कवा गुजराती झाली? कालपतूर डाव्या खांद्यावर व्हता."

मालक हसायला लागला. मी झाकण परत उघडलं, वायरी सुलट केल्या. पदर डाव्या खांद्यावर गेला. मालकाची एसटी चुकली आणि तो आमच्याकडं जेवून सकाळी गेला. नंतर वर्षभर तो बाजारात सांगत फिरला की मिस्त्रीणबाई मिस्त्रीपेक्षा हुशार हाय. मला ते आवडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यानंतर दोनेक वर्षांची. एका टीव्हीचा आवाज गेला होता, पार्ट बीडहून यायचा होता. सुलोचना चार दिवस तीच मालिका मुकी बघत बसली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "या बाईला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

मी म्हटलं, "आवाज तुझ्या टीव्हीला न्हाई, तिच्या कानाला काय झालं?"

"आवाज न्हाई म्हणूनच दिसतंय. बाकीचे कुणी बोललं की बघत्यात. हिच्या डाव्या बाजूला कुणी बोललं तर ही त्याचे वठ हालल्यावर बघती. आन् बसताना कायम उजवी बाजू पुढं करून बसती."

"तुला कसं काय कळतंय एवढं?"

"कळतंय," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक असतं तर थांबलो असतो. गिऱ्हाईक काही बोलता बोलता गप्प झालं की मी तिथंच खोदायचो. बायको गप्प झाली, मी डाग द्यायला लागलो.

कारण हाका मारल्या की ती ओ द्यायची नाही, याचा मला लग्नापासून राग होता. दुकानातून दोन-दोन, तीन-तीन हाका माराव्या लागायच्या. कधी पहिल्याच हाकेला यायची, कधी शेजारी उभं राहून बोललं तरी भिंतीशी बोलल्यासारखं. मग मी ठरवलं, ही सोंग करते. जेव्हा ऐकायचं असतं तेव्हा ऐकते. ती एवढंच म्हणायची, "मला काय सांगायचं आसंल तर उजवीकडून येत जावा." मला वाटायचं, हा नवा नखरा. मी मुद्दाम डावीकडून बोलायचो. तीस वर्षं.

दुकान बंद झालं. भिंतीला टांगायचे टीव्ही आले, ते बिघडले की लोक फेकून देतात. नंतर एकदा सुलोचनाला चक्कर यायला लागली म्हणून बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेली. डॉक्टरनी तपासून विचारलं, "डावा कान कधीपासून गेलाय?"

ती म्हणाली, "ल्हानपणी फुटला व्हता. सात-आठ वर्षांची आसंन."

मी फी देऊन उठलो. बाहेर आल्यावर विचारलं, "मला कावून सांगितलं न्हाई?"

"लग्नाच्या आधी सांगितलं आसतं तर लग्न झालं नसतं. आईनं शपथ घातलती. नंतर सांगतच व्हते की. उजवीकडून या म्हणत व्हते."

एसटीत ती खिडकीकडं बसली आणि मला उजवीकडं बसवलं. घाटाच्या अलीकडं म्हणाली, "त्या बाईचं पण असंच हाय. मी तवाच सांगितलं व्हतं."

मला तेव्हा तरी गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "आता तुला सगळं जग बहिरं दिसंल." ती हसली नाही. म्हणाली, "तुमाला बिघाड उघडून दाखवल्याबिगर पटत न्हाई. एक दिवस दिसंल."

गेल्या वर्षी पोळ्यानंतर ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेली, तिथं तीन दिवस होती. वॉर्डात गर्दी, पलंग भिंतीला लावलेला. तिची उजवी बाजू भिंतीकडं, डावीकडं सलाईनचा खांब आणि माझं स्टूल. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी तिच्याशी तीन दिवस बोललो. लग्नापासून बोललो नसेन एवढं बोललो. चुकलं तेही सांगितलं. कुठल्या कानात सांगितलं हे मला घरी आल्यावर, दिवस झाल्यावर, भिंतीकडं बघताना सुचलं. कान कुठला ते माहीत असून पलंग ओढून घ्यायचं सुचलं नाही. चाळीस वर्षं बिघाड शोधणारा माणूस मी.

तिला ऐकू गेलं की नाही, आता कळायचं साधन नाही. पण तिची एक गोष्ट खरी की खोटी हे अजून तपासता येत होतं. ती नटी.

वर्षश्राद्धाला माझी लेक संगीता युसूफ वडगावहून दोन दिवस आधी आली. दुपारी भांडी काढता काढता तिनं मोबाईल बघितला आणि म्हणाली, "आण्णा, आईची ती नटी लाईव्ह आलीय बघा. लोक प्रश्न विचारत्यात, ती उत्तरं देतीय."

मी म्हटलं, "रेकॉर्ड आसंल."

"लाईव्ह हाय आण्णा."

"मग उत्तरं दुसरं कुणीतरी लिहून देत आसंल."

"ती तोंडानं बोलतीय की. बघा तरी."

बघितलं. नटीला आता पोक्त बाईची कामं मिळतात. नव्या मालिकेच्या जाहिरातीसाठी त्याच वेषात, जरीच्या साडीत, मेकअपच्या खोलीत बसली होती. खालून लोकांचे प्रश्न मुंग्यांसारखे वर चढत होते. ताई, तुमचं आवडतं जेवण काय? ताई, मालिकेत सून घर सोडणार का? माझ्या आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या. ती वाचायची, हसायची, सांगायची. मला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. आवडतं जेवण पिठलं-भाकरी म्हणाली. तिच्याकडं बघून वाटत नव्हतं.

मी संगीताला म्हटलं, "लिही. तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आण्णा, हजारो लोक बघत्यात. असं चारचौघांत विचारत्यात व्हय?"

"तुझ्या आईचं खरं व्हतं का खोटं, मला कळू दे. लिही."

"तिचं काम जाईल अशानं."

"लिही म्हणतो ना."

तिनं लिहिलं. पाठवलं मात्र नाही, अंगठा वरच धरून ठेवला. लेक आईवर गेली आहे.

तेवढ्यात एक मुलगी कागद घेऊन नटीच्या शेजारी आली. पडद्यावर ती माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. "मॅडम," म्हणाली. नटी पुढचा प्रश्न वाचत होती. "मॅडम, मॅडम." नटीनं मान वळवली नाही. मुलीनं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली आणि मग गोड हसली. ते दचकणं मी ओळखलं. आमच्या घरात ते चाळीस वर्षं होतं.

पण मिस्त्रीचा हिशोब लगेच सुरू झाला. माणूस समोर तोंड करून बसला की आपल्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू येते. म्हणजे मुलगी बाईच्या उजव्या कानाशी बोलली होती आणि तिला उजव्या कानानं ऐकू आलं नव्हतं. सुलोचना तर कायम डावा म्हणायची.

मी म्हटलं, "संगे, तुझ्या आईचं चुकलं. उजवा हाय."

असं बोलून मला बरं वाटायला पाहिजे होतं. तीस वर्षं मी तिच्या चुका शोधत होतो आणि ही आयती सापडली होती. बरं वाटलं नाही. मोबाईल डोळ्यांजवळ घेऊन मी नुसता बघत राहिलो, रंग नाही, चित्र. आणि मग दिसलं.

"संगे, हिचा पदर कुठल्या खांद्यावर हाय?"

"काय आण्णा?"

"पदर."

तिनं बघितलं. "उजव्या."

"कावून?"

"कावून म्हंजे? ती मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावून बसलीय. आरशासारखं उलटं दिसतंय. मागचं कॅलेंडर बघा, आकडे उलटे हायत."

होते. सगळे आकडे पाठमोरे. वायरी उलट्या जोडल्या होत्या, एवढंच. उजवं ते डावं होतं. मुलगी बाईच्या डाव्या कानाशी बोलली होती आणि तो कान ऐकत नव्हता. जे परातीत गहू निवडत सुलोचनाला दिसलं होतं, ते मला हातात घेऊन दिसत नव्हतं. तिनंच एकदा पदर दाखवून शिकवलं होतं म्हणून दिसलं.

खाली कुणीतरी विचारलं, ताई, तुम्ही कायम तिरप्या का बसता? नटी हसून म्हणाली, "माझी हीच बाजू चांगली दिसते ना." लोकांनी बदाम पाठवले. आमच्याकडं लग्नकार्यात बायका सुलोचनाला म्हणायच्या, इकडं ये, मध्ये बस. ती म्हणायची, मला इथं कडेलाच गार वाटतं. घाम गळत असायचा.

संगीताचा अंगठा अजून तसाच होता. मी म्हटलं, "पूस ते."

"मग काय लिहू?"

"लिही. वडवणीची सुलोचना म्हणायची, मला काही सांगायचं असेल तर उजवीकडून येत जावा."

"एवढंच? तिला काय कळणार आण्णा?"

"कळलं तर तिलाच कळंल. दुसऱ्या कुणाला न्हाई."

तिनं पाठवलं. ते दोन प्रश्नांच्या मध्ये वर चढलं. नटी वाचत वाचत आली. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, पुढं आली आणि थांबली. तोंडानं वाचलं नाही. ओठ थोडे हलले. मग खालचा प्रश्न घेतला, केसांना तेल कोणतं लावता.

थोड्या वेळानं ती मुलगी परत आली. नटीनं हातानं तिला मागून फिरून दुसऱ्या बाजूला यायला खुणावलं. "इकडून ये गं," म्हणाली. मुलगी तिकडून आली, हळूच काहीतरी सांगितलं आणि नटीनं लगेच मान हलवली.

संगीता म्हणाली, "आण्णा, तुमचंच वाचलं."

मी म्हटलं, "कशावरून? तिकडं स्टूल आसंल, उजेड आसंल."

संशय एवढ्यात जायचा नाही. तो आता माझ्या संगतीनंच जाईल. पण मोबाईल बंद झाल्यावर संगीता चुलीकडं गेली आणि मी मागच्या खोलीत गेलो, जिथं पूर्वी लोकांचे टीव्ही असायचे. तिथं सुलोचनाचा फोटो लावला आहे. श्राद्धाच्या तयारीसाठी खालची जमीन पुसून घेतली होती. मी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधी फोटो नीट बघितला. स्टुडिओवाल्यांचा काही नेम नाही, उलटा छापून देतात. पदर डाव्या खांद्यावर होता. फोटो सुलट होता.

मग खुर्ची माझ्या डाव्या हाताला, म्हणजे तिच्या उजव्या कानाशी सरकवली, आणि दवाखान्यात जे तीन दिवस सांगितलं होतं ते परत सांगितलं. नटीचंही सांगितलं. तुझं खरं होतं म्हणालो.

एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.